तक्ता क्रमांक तीन

संशोधक : विश्वनाथ ढोकणे, सहायक शिक्षक.
शाळा : दोन खोल्या, झरीच्या पुढं नऊ किलोमीटर,
कोलामांच्या पोडाला लागून.
नमुना : तिसरीची चौदा लेकरं,
कापूस फुटला की अकरा.
कालावधी : दसरा ते संक्रांत.

मॅडम, प्रशिक्षणात तुम्ही म्हणाल्या होत्या,
दगडाला शेंदूर फासावा तसं इंग्रजी फासू नका.
मोजा.
प्रश्न विचारल्यावर किती थांबता, ते मोबाइलवर बघा.
मी बघितलं.
मी एक सेकंद थांबतो. बहुतेकदा तोही नाही.
तेवढ्यात बकरीसुद्धा मान वळवत नाही.

मग तीन सेकंद थांबायला शिकलो.
तीन सेकंद बम लांब असतात.
पत्र्यावरून खार गेलेली कळते,
खिचडीची फोडणी वर्गात येऊन बसते,
आणि फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं
की वाटायला लागतं,
अठरा वर्षं आपण पोट्ट्यांच्या तोंडातून
घास काढून स्वतःच चावत होतो.

तक्ता एक आणि दोन सोबत जोडले आहेत.
त्यात फार काही नाही.

अकरा डिसेंबर. पाठ : शरीराचे अवयव.
कार्ड वर धरलं, स्वतःचा कान पकडला, म्हटलं,
धिस इज माय इअर.
एक.
दोन.
तिसऱ्याला वर्ग फुटला.
लेतू आत्राम सतरंजीवर आडवा.
जंगू टेकाम, जी जूनपासून हजेरीलाही
नुसतं बोट वर करते,
तिनं फ्रॉकची कॉलर तोंडात कोंबलेली
आणि डोळ्यांतून पाणी.
मी वहीत नोंदवलं : विषयबाह्य वर्तन,
चाळीस सेकंद.

मधल्या सुट्टीत हातपंपावर हात धुवायला गेलो.
दांडा जंगूनं धरला.
म्हणाली, गुरुजी, तुमच्या कानातून येते का हे?
काय येते?
तिनं ओंजळ भरून माझ्यापुढं धरली.
ईर.

कोलामीत पाण्याला ईर म्हणतात, मॅडम.
सहा वर्षं मी या पंपाचं पाणी पितो आहे.

तुमच्या घडीपत्रिकेत सातवा मुद्दा आहे :
इंग्रजीच्या तासाला मातृभाषा टाळावी.
मी माझी टाळली, प्रामाणिकपणे.
त्यांची तर या खोलीत कधी आलीच नव्हती.
दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवलेली,
आणि मी समजत होतो
की लेकरं मुकी आहेत,
किंवा भित्री, किंवा, एकदा तर मी लिहिलंही आहे,
मंद.
तो शेरा खोडतो आहे. सही करतो आहे.

सोनारानं कान टोचावे म्हणतात.
माझे एका आठ वर्षांच्या पोरीनं टोचले,
पंपाचा दांडा सोडून,
ओल्या हातानं.

तक्ता तीन तुम्ही मागितलेला नाही.
तो जंगूनं आखला आहे, पट्टी न घेता.
तीन रकाने : आमचं, तुमचं, इंग्रजी.
आमचं म्हणजे त्यांचं.
तुमचं म्हणजे मराठी, हे वाचताना
मी जरा वेळ गप्प होतो.
रोज शेवटची दहा मिनिटं ती विचारते,
बोटं मोजत थांबते,
मी चुकतो, लेतू लोळतो.
माझी उत्तर चाचणी : वीसपैकी चार.

निष्कर्ष लिहायला जागा दीड ओळ आहे.
अकराही जणांना इअर येतं, स्पेलिंगसकट.
हँड चौघांनाच येतं.
एका शब्दावरून काही सिद्ध होत नाही,
हे तुम्हीच शिकवलं आहे,
म्हणून ती दीड ओळ कोरी ठेवतो.

ता. क.
हातपंपाचं वायसर गेलं आहे.
पंचायतीत अर्ज दिला, मराठीत.
तोवर पहिले सात-आठ दाबे कोरडे जातात,
नुसता घशातला आवाज येतो.
लेकरं थांबतात.